कोनिकल ग्राइंडरला फ्लॅट बर बसवायचेत? आधी चांगला लेथवाला शोधा

घरी बिया दळून कॉफी पितो म्हणलं की आमच्या गावात लोक आधी हसतात अन् मग विचारतात, चहा का वाईट आहे का. वाईट नाही ना बाप्पा, मीही दिवसातून दोनदा पितो. पण चिखलदरा आमच्यापासून एक घाट चढला की येतो, महाराष्ट्रात कॉफीची झाडं म्हणलं की त्याच डोंगराचं नाव निघतं, तिथून एकदा थोड्या बिया आणल्या, मिक्सरमधी दळल्या, अर्धी भुकटी न् अर्धे तुकडे अशी कॉफी झाली आणि तेव्हापासून हा रोग लागला तो लागलाच. मिक्सरनंतर एक घरगुती कोनिकल ग्राइंडर घेतला, तीन वर्षं वापरला, आणि मग डोक्यात शिरलं की याला फ्लॅट बर बसवायचे. बसवले. एकदा चुकले, परत बसवले. नवीन माणसाला हे करायचं असेल तर कुठून सुरू करायचं, कुठं पैसे जातात, कुठं बोट जाऊ शकतं, ते सगळं लिहून ठेवतोय.

बर म्हणजे दात पाडलेल्या पोलादी चकत्या, ज्यांच्यामधून बी भरडून निघते. कोनिकलमधी मधात एक दातेरी शंकू फिरतो आणि त्याच्याभोवती दातेरी कडं स्थिर असतं, बी वरून पडते आणि आपल्याच वजनानं खाली सरकत सरकत बारीक होते. फ्लॅट म्हणजे आपलं जातं. खरंच जातं, दुसरं काही नाही. दोन सपाट चकत्या तोंडाला तोंड लावून, बी मधातून आत जाते आणि फिरण्याच्या जोरानं कडेकडे फेकल्या जाते, कडेला पोचेस्तोवर तिचं पीठ झालेलं असतं. जात्यात वरची तळी फिरते आणि खालची बसून राहते, ग्राइंडरमधी बहुतेक ठिकाणी खालची फिरते, एवढाच फरक. आता ज्यानं जातं पाहिलंय त्याला हेही माहीत आहे की तळी थोडी जरी कलती बसली तर एका बाजूनं पीठ न् दुसऱ्या बाजूनं रवा येतो. या अख्ख्या लेखात मी तेच एक रडगाणं परत परत गाणार आहे, कारण दोन चकत्या एकमेकींना समांतर बसवणं हेच या कामातलं नव्वद टक्के काम आहे. चकत्या विकत मिळतात, समांतरपणा मिळत नाही.

आधी हे ठरवा की खरंच करायचं का

नवीन माणसाला वाटतं की जुने बर काढायचे, नवे लावायचे, चार स्क्रू, झालं. असं होत नाही. काही कंपन्यांच्या मशीनमधी बर बदलता येतात, बराट्झा एन्कोअरमधी त्याच कंपनीचा वरच्या मॉडेलचा कोन बसतो, फेलो ओडमधी दुसरा फ्लॅट संच बसतो, पण नीट पहा, कोनाच्या जागी कोन आणि सपाटच्या जागी सपाट. कोनाच्या जागी सपाट बसवायचं तर जागाच वेगळी लागते. कोन उभा खोल असतो, सपाट चकती आडवी रुंद असते. दुसरं, वेग. घरगुती कोनिकल मोटारीला गिअर लावून तिचा वेग मिनिटाला ३०० ते ५५० फेऱ्यांच्या आसपास उतरवलेला असतो, कारण बी खाली यायला वजन पुरतं. सपाट चकतीत बी बाहेर फेकल्या जायला पाहिजे, म्हणून दुकानात जे ६४ मिमीचे फ्लॅट ग्राइंडर असतात, उदाहरणार्थ मॅझर सुपर जॉली, ते आपल्या ५० हर्ट्झ लाइनीवर १४०० फेऱ्यांनी चालतात. कमी वेगावरही फ्लॅट चालवतात लोक, पण मग बी आत ढकलायला स्क्रूसारखी दांडी लागते आणि पहिल्याच वेळी तो नाद करू नका. तिसरं, ताकद. छोट्या घरगुती मशीनची मोटार ६४ मिमीच्या चकत्या बारीक दळणाला ओढू शकत नाही, मधातच थांबते.

तर मग खरं पाहता तुम्ही ग्राइंडर बदलत नाही, जुन्या ग्राइंडरचं हॉपर (वरचं बिया भरायचं भांडं), झाकण, स्विच आणि डबा घेऊन नवीन चक्की उभी करता. हे मनाशी कबूल असेल तर पुढे वाचा. नसेल तर कॉफीच्या दुकानातून निघालेला जुना फ्लॅट ग्राइंडर पहा, त्याला फक्त नव्या चकत्या लागतात, आणि खरं सांगू का, जवळ लेथ, म्हणजे धातू फिरवून गोल कापायचं यंत्र, नसेल तर तोच रस्ता शहाणपणाचा आहे.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट भरपूर आहे. जिनिंग-प्रेसिंग, पंप, ट्रॅक्टर, थ्रेशर यांच्यामुळं तालुक्याच्या प्रत्येक गावी लेथ मशीन आहे न् मोटार बांधणारा आहे. पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमधी राहणाऱ्या माणसाला एक फ्लँज (दुसरा भाग ज्यावर बसवतात ती गोल बैठक) वळवून घ्यायला आठ दिवस फिरावं लागतं, मला परतवाड्याला जाऊन यायला अर्धा दिवस लागला, त्यातही एक तास मिस्त्री जेवायला गेले होते म्हणून.

सामान

चकत्यांचा जोड ६४ मिमीचाच घ्या. या मापात बनवणारे जास्त आहेत, पुढं बदलायच्या झाल्या तर अडकत नाही. घेताना विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारायचा: डाव्या फिरणीच्या आहेत का उजव्या. दोन्ही प्रकार मिळतात आणि दोन्ही दिसायला सारखे. उलट्या फिरणीवर लावल्या तर दाताची पाठ बीवर घासते, कापत काहीच नाही, नुसती गरम होते. हे मला आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

मोटार पाव एचपी, सिंगल फेज, १४४० फेऱ्यांची, दोन्ही बाजूला बॉल बेअरिंग असलेली, आणि उभी बसवता येईल अशी, म्हणजे समोरून फ्लँजवाली. पाव एचपी म्हणजे १८६ वॅट, घरच्यासाठी पुरतात. कूलरची मोटार, पंख्याची मोटार, जुन्या मिक्सरची मोटार, यातलं काही घेऊ नका, त्याचं कारण पुढं येतं.

धातू: चेंबर (चकत्यांभोवतीची वाटी) आणि वरचा फ्लँज ॲल्युमिनियमच्या राउंडमधून, म्हणजे गोल दांड्यातून, खालचा फिरणारा फ्लँज ॲल्युमिनियम किंवा ३०४ स्टीलमधून. मिस्त्री पितळ सुचवतील, कारण ते लोण्यासारखं कापतं, पण सहज कापणाऱ्या पितळेत शिसं मिसळलेलं असतं आणि आपल्याला ते पोटात घालायचं नाही. साधं लोखंड पावसाळ्यात गंजेल. भंगार वितळवून ओतलेलं ॲल्युमिनियमही नको, आतून पोकळ निघतं आणि ऐन आटे पाडताना भोकं दिसतात.

बाकी काउंटरसिंक (डोकं आत बुडणारे) स्क्रू, तीन छोट्या स्प्रिंगा, फेल्टचा तुकडा, व्हाइटबोर्डचा मार्कर, स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आणि व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायची पट्टी. व्हर्निअर स्वतःचा ठेवा, मिस्त्रीचा मागत बसू नका.

मोटार आधी तपासा

इथं मी आपटलो म्हणून जरा लांबण लावतो. पहिल्या वेळी पैसे वाचवायला घरातल्या जुन्या कूलरची मोटार वापरली. फिरत होती मस्त, आवाज नाही काही नाही. पण तिच्यात बॉल बेअरिंगच्या जागी बुश, म्हणजे नुसत्या धातूच्या नळ्या, होते आणि शाफ्ट वरखाली हलत होता, जेमतेम पाव मिमी, हातानं ओढल्यावर टक् आवाज यायचा. पाण्याच्या पंपाला किंवा पंख्याला त्यानं काही फरक पडत नाही. पण ग्राइंडरमधी दोन चकत्यांमधलं अख्खं अंतरच बारीक दळणाला पाव मिमीच्या आसपास असतं! बी आत शिरली की शाफ्ट खाली दबायचा, बी संपली की वर यायचा आणि चकत्या एकमेकींना घासून किर्र करायच्या. मी आठ दिवस चकत्यांना शिव्या देत होतो.

म्हणून मोटार घेताना दुकानातच शाफ्ट धरून वरखाली ओढा. हाताला काही जाणवलं तर ठेवून द्या. चांगल्या मोटारीत बेअरिंगमागं लहरी वॉशर असतो, तो शाफ्टला एका बाजूला दाबून धरतो, नसेल तर मोटार बांधणाऱ्याकडून टाकून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. मग लेथवाल्याकडं डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) लावून शाफ्ट हातानं फिरवायचा. काटा दोन थाऊच्या वर हलला तर शाफ्ट वाकडा आहे. आमच्याकडं मिस्त्री लोक मिमीत बोलत नाहीत, सूत आणि थाऊत बोलतात. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग आणि थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा, साधारण २५ मायक्रॉन. हा २५ चा आकडा लक्षात ठेवा, पुढं कामी येणार आहे.

फिरण्याची दिशा आत्ताच पाहून घ्या. चकत्यांच्या उलट असेल तर सिंगल फेज मोटारीत स्टार्टिंग वाइंडिंगची दोन टोकं अदलाबदल केली की दिशा उलटते, तेही मोटार बांधणाऱ्याकडूनच. कपॅसिटरला (त्यात वीज साठून राहते) हात लावायच्या आधी तो डिस्चार्ज करून घ्यायला सांगा, प्लग काढला म्हणजे झटका बसणार नाही असं काही नसतं.

लेथवर

मी कागदावर चित्र काढून नेलं होतं. मिस्त्रींनी चकती हातात घेतली, बोटानं दात चाचपले.
"हे कायचं व्हय भाऊ? चक्कीचा दगड त वाटत नाई."
"कॉफीची चक्की आहे मिस्त्री."
"मंग सरळ चक्की म्हना ना. म्या आतालोक गंज चक्क्या जुळवल्या."
आणि खरंच, पिठाच्या गिरणीची कामं केलेल्या माणसाला हे समजवायला पाच मिनिटं लागतात. समांतर म्हणजे काय हे त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं कळतं, कारण दगड कलता बसला तर गिऱ्हाइक त्याच्याच डोक्यावर येऊन बसतं.

खालचा फ्लँज हा सगळ्यात महत्त्वाचा तुकडा. तो शाफ्टवर बसतो आणि त्याच्या तोंडावर चकती बसते. मिस्त्रीला एक गोष्ट हात जोडून सांगायची, की शाफ्टचं भोक आणि चकतीची बैठक एकाच पकडीत वळायची, मधात चकमधून तुकडा काढायचा नाही. काढून उलटा पकडला की थोडासा तिरपेपणा येतोच, कितीही हुशार हात असला तरी. भोक शाफ्टवर हातानं दाबून सरकेल इतकं घट्ट पाहिजे, हातोडी लागली तर जास्त घट्ट, आपोआप घसरलं तर फेकून द्या. बैठकीला चकतीच्या बाहेरच्या कडेएवढी छोटी भिंत ठेवली तर चकती बरोबर मधात बसते. फ्लँजच्या खालच्या अंगाला दोन-तीन छोटे पंख ठेवायला सांगा, हे पंख नसले तर दळलेली कॉफी चेंबरच्या तळाशी साचून राहते आणि आजच्या कपात परवाची कॉफी येते. फ्लँज शाफ्टला चावीनं अडकतो आणि वरून एक बोल्ट, बोल्टला स्प्रिंग वॉशर आणि थ्रेडलॉक, म्हणजे आटे धरून ठेवणारा गोंद. तो बोल्ट फिरण्यानं सैल होणाऱ्या दिशेचा तर नाही हे पहा.

चेंबर म्हणजे वाटीसारखा भाग, मोटारीच्या तोंडावर बोल्टनं बसतो, तळातून शाफ्ट वर येतो. शाफ्टच्या भोवती फेल्टची चकती बसवा, नाहीतर भुकटी बेअरिंगमधी जाते आणि तेल मिसळून तिचा काळा लगदा होतो. बाजूला कॉफी पडायला एक तोंड, ते जितकं मोठं आणि उताराचं असेल तितकं बरं.

वरचा फ्लँज म्हणजे कॉलर, बाहेरून आटे असलेली, चेंबरच्या तोंडात फिरत खाली-वर जाते, आणि तिच्या खालच्या तोंडावर दुसरी चकती. आटे १.५ मिमी पिचचे पाडून घ्या. म्हणजे कॉलर एक पूर्ण फेरी फिरवली की चकती १.५ मिमी सरकते. कॉलरच्या कडेवर ६० खुणा करून घ्या, मग एका खुणेला ०.०२५ मिमी, म्हणजे २५ मायक्रॉन, म्हणजे बरोब्बर मिस्त्रीचा एक थाऊ. हे जुळल्यावर आम्ही दोघंही उगाच खूश झालो होतो.

आटे कितीही चांगले पाडले तरी त्यात थोडी ढिलाई राहते, म्हणून कॉलर आणि चेंबरच्या मधात तीन स्प्रिंगा बसवायच्या, त्या कॉलरला कायम वर दाबून धरतात. आणि बाजूनं एक लॉक स्क्रू पाहिजेच, नाहीतर दळताना थरथरीनं कॉलर स्वतःच फिरते आणि तुम्हाला वाटतं बी बदलली.

मजुरी तासावर ठरवा, नगावर ठरवू नका. नगावर ठरवली की घाई होते.

बसवणं

लेथवरून आलेले तुकडे आधी भांड्यांच्या साबणानं गरम पाण्यात दोनदा धुवा, कापताना टाकलेलं तेल आणि बारीक कीस आट्यात अडकून असतो. सुकवा. चकतीच्या मागच्या बाजूला आणि बैठकीवर बोट फिरवून पहा, एक कण जरी मधात राहिला तर चकती तिरपी. स्क्रू एकेक करून पूर्ण आवळायचा नाही, तिन्ही थोडे थोडे, फिरवत फिरवत, गाडीचं चाक लावतो तसं. स्क्रूचं डोकं चकतीच्या दातांच्या वर आलेलं नाही हे नखानं तपासा.

आता प्लग न लावता हातानं फिरवा. दोन्ही चकत्यांच्या मधात पाच मिमी अंतर ठेवून फ्लँज फिरवला तर काही कुठं घासायला नको.

मार्करची परीक्षा

खालच्या चकतीच्या बाहेरच्या सपाट कडेवर व्हाइटबोर्ड मार्करनं गोल रंग लावा. पूर्ण, न सोडता. वरची कॉलर हळूहळू खाली आणत खालचा फ्लँज हातानं फिरवत रहा, पहिला घासल्याचा आवाज आला की थांबा, अजून एकदा फिरवा, कॉलर काढा. कडेवरचा रंग सगळीकडून सारखा पुसला गेला असेल तर नशीब काढलं, घरी जाऊन पेढे वाटा. बहुतेक वेळा एकाच बाजूचा तुकडा पुसलेला असतो.

खालची चकती फिरते म्हणून तिच्यावरची पुसट जागा सांगते की खालची कुठं उंच आहे. वरची किती कलती आहे हे पाहायला तसाच रंग वरच्या चकतीला लावून परत करायचं. दोन्ही वेगळं वेगळं पहा, एकदम दोन्हीला रंग लावून बसलं की काहीच कळत नाही.

उंच जागा खाली आणता येत नाही, म्हणून तिच्या समोरची बाजू वर उचलायची. त्या बाजूच्या स्क्रूपाशी चकतीखाली फॉइलचा छोटा तुकडा ठेवायचा. घरगुती फॉइल दहा ते वीस मायक्रॉनच्या दरम्यान असते, म्हणजे एक पदर साधारण अर्ध्या थाऊचा. एक पदर, परत मार्कर, परत पहा. लागला तर दुसरा. मला खालच्या चकतीला एक आणि वरच्या चकतीला तीन पदर लागले, कारण वरच्या कॉलरचे आटे आणि बैठक मिस्त्रींनी वेगवेगळ्या पकडीत वळली होती, ते नंतर त्यांनीच कबूल केलं. पाच-सहा पदरांच्या वर जायची वेळ आली तर फॉइल बंद करा आणि फ्लँज परत लेथवर न्या, फॉइलचे थर जाड झाले की दबतात आणि महिन्याभरात परत तेच.

या कामाला मला एक अख्खा रविवार लागला, आणि जात्याला टाकी लावणारा माणूस का इतका शांत असायचा ते त्या दिवशी समजलं.

लाइट

चेंबर धातूचं, कॉलर धातूची, आणि तुम्ही सकाळी ओल्या हातानं तिला हात लावणार. म्हणून मोटारीच्या बॉडीला अर्थिंग पाहिजे म्हणजे पाहिजे, आणि घराच्या अर्थिंगचा भरवसा धरू नका. उन्हाळ्यात खड्डा कोरडा पडला की अर्थ नावालाच राहतो, त्यात पाणी सोडत जा. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लाइन तोडणारा स्विच, नसेल तर या निमित्तानं बसवून घ्या आणि अर्थ वायरमनकडून तपासून घ्या, स्वतः बल्ब लावून तपासायच्या भानगडीत पडू नका.

हॉपरच्या गळ्यात एक जाळी किंवा आडवी पट्टी बसवा, बी जाईल पण लेकराचं बोट चकतीपर्यंत जाणार नाही अशी. कॉलर उघडायची तर आधी प्लग काढून हातात घ्यायचा, नुसता स्विच बंद करून भागत नाही, आपल्याकडं लाइन कधी जाते आणि कधी येते याचा काही नेम आहे का.

आता व्होल्टेज. गावात संध्याकाळी पंप सुरू झाले की घरातलं व्होल्टेज १८० वर येतं, हे कोणाला नवीन नाही. पण अशा मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात उतरते. २३० चे १८० झाले तर ताकद एकसष्ट टक्क्यांवर येते, म्हणजे पाव एचपीची मोटार जेमतेम ०.१५ एचपीची उरते. बिया आधी भरून मग स्विच दाबला तर ती गुं गुं करत जागेवरच थांबते आणि तापते. तर उपाय सोपा, मोटार रिकामी सुरू करायची, वेग घेऊ द्यायचा, मग बिया सोडायच्या, मुठीनं जात्यात घास टाकतात तशा. कमी भाजलेली बी जास्त कडक असते, तिला तर अजून हळू. तरीही थांबली तर लगेच बंद करा, प्लग काढा, कॉलर उघडून अडकलेली बी काढा. आणि सकाळी दळा, व्होल्टेजही असतं आणि कॉफीही सकाळीच लागते.

शून्य, आणि मग दळण

शून्य म्हणजे जिथं चकत्या पहिल्यांदा टेकतात ती जागा. मार्करच्या वेळी सापडली तीच. प्लग काढून, हातानं फिरवत शोधा आणि कॉलरवर पक्की खूण करा. शून्यापासून मागं येताना खुणा मोजायच्या. फिल्टर पेपरमधून गाळायच्या कॉफीला २० ते ३० खुणा, स्टीलच्या साउथ इंडियन फिल्टरला १२ ते १८, एस्प्रेसोवाल्यांनी ८ ते १० पासून सुरू करावं. हे आकडे सुरुवातीसाठी, तुमच्या चकत्यांच्या दातांप्रमाणं इकडं-तिकडं होतील. कॉफी आंबट न् पाणचट लागली तर दोन खुणा बारीक, कडू न् जीभ ओढणारी लागली तर दोन खुणा जाड. एका वेळी एकच गोष्ट बदला, बी, पाणी आणि खूण तिन्ही एकदम बदलून मग मला कळत नाही म्हणू नका.

नव्या चकत्यांच्या दातांवर बारीक काटे असतात, ते झिजेस्तोवर दळण एकसारखं येत नाही. एक-दोन किलो जुन्या, स्वस्त बिया त्यातून काढा आणि ती भुकटी संत्र्याच्या बुडाशी टाका, पिऊ नका. दर पाव किलोनंतर हात लावून पहा, चेंबर गरम लागला तर थांबा.

आमच्या हवेत अजून एक गंमत आहे. ॲल्युमिनियम तापलं की लोखंडापेक्षा जवळपास दुप्पट वाढतं. पन्नास मिमी उंचीचं चेंबर जानेवारीच्या १० अंशांवरून मे महिन्याच्या ४५ अंशांवर गेलं की ४० मायक्रॉन वाढतं आणि शाफ्ट २१ च्या आसपास, म्हणजे चकत्यांमधलं अंतर पाऊण खूण वाढतं. फिल्टर कॉफीला काही कळत नाही. एस्प्रेसो पिणाऱ्यानं मात्र अक्षय्य तृतीयेच्या सुमारास शून्य परत पाहून घ्यावं.

त्याच कोरड्या हवेत दुसरा त्रास म्हणजे भुकटी उडते, डब्याला, हाताला, चेंबरच्या तोंडाला चिकटते. घर्षणानं विजेचा भार तयार होतो म्हणून. दळायच्या आधी बियांवर पाण्याचा एक-दोन थेंब टाकून चमच्यानं हलवायचं, बस. लोक हे आधीपासून करायचे, पण २०२३ मधी अमेरिकेतल्या ओरेगॉन विद्यापीठाच्या संशोधकांनी मोजून दाखवलं की बीमधल्या ओलाव्यानं हा भार खरंच कमी होतो. थेंबच हं, धार नाही. पावसाळ्यात बहुतेक गरजच पडत नाही.

चव बदलली का? बदलली, पण लोक सांगतात तितकी नाही. कोनिकलची कॉफी जरा जाड, गोळा तोंडात भरल्यासारखी लागायची, आता चवी वेगवेगळ्या उमटतात, संत्र्याच्या सालीसारखं काहीतरी शेवटी येतं जे आधी येत नव्हतं. पण कूलरच्या मोटारीवर होतो तेव्हा हेच फ्लॅट बर असून कॉफी कोनिकलपेक्षा वाईट होती. चकत्या सपाट झाल्या म्हणून कॉफी सुधारली असं जो म्हणतो त्याला आधी विचारा की मार्कर लावून पाहिलं होतं का.

आई एकदा ग्राइंडरकडं बघत म्हणाली, "काहो, याच्यात तिखट नाई होत का?" आमच्याकडं आई रागात असली की मुलाला काहो म्हणते. तिखट, हळकुंड, धने, काही टाकू नका. हळकुंड या चकत्यांच्या दाताचा तुकडा पाडू शकतं, आणि मिरचीचा वास एकदा फेल्टमधी गेला की कॉफीला वर्षभर तिखटाचा ठसका. साफ करायला तांदूळ टाका असं कोणीतरी सांगेल, तोही नको, कच्चा तांदूळ कडक असतो आणि मोटार अडते. साफ करायला कोरडा रंगाचा ब्रश आणि महिन्यातून एकदा कॉलर उघडणं पुरतं, पाणी लावायचं नाही.

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला प्लग काढून चकत्यांचे सहाही स्क्रू आणि शाफ्टचा बोल्ट पान्यानं तपासा, नवीन फॉइल दबते आणि स्क्रू सैल पडतात. सैल सापडला तर आवळून परत मार्कर लावा. जुना कोन आणि त्याचं कडं तेलाचा हात फिरवून डब्यात ठेवलंय, मिस्त्रींना हवं होतं, त्यांनी विचारलं त्याची मुसळी करता येईल का, म्हणलं पाहू.